फलक लागले, फोन वाजला नाही: एका सेवा क्लबच्या प्रसिद्धीचे प्रकरण

या प्रकरणातला क्लब नमुन्याचा आहे. असंख्य क्लबांत सुटीसुटी दिसणारी दुखणी इथे एका छपराखाली आणली आहेत. आकडेही नमुन्यादाखल, हिशेब समजावा एवढ्यापुरते. जिथे खऱ्या संस्थांचा किंवा सालांचा उल्लेख आहे, तिथे मात्र तो खराच आहे.

परिस्थिती

कागदावर ३४ सदस्य, सभेला १५-१६. वर्षभरात ११ कार्यक्रम: नेत्रतपासणी, रक्तदान, झाडे लावणे, शाळेला पुस्तके, आणि बाकी पदग्रहणासारखे घरचेच समारंभ. नवे सदस्य दोन, त्यातला एक खजिनदाराचा भाचा. प्रसिद्धी होत नव्हती असे कुणी म्हणू शकले नसते. प्रत्येक कार्यक्रमाचा फ्लेक्स लागत होता, वर्तमानपत्रात फोटो येत होता, फेसबुक पानावर अल्बम चढत होते. तरी कार्यकारिणीच्या बैठकीत दर वेळी तेच वाक्य: ‘लोकांपर्यंत आपण पोहोचत नाही.’ आणि दर वेळी तोच उपाय: पुढचा फ्लेक्स मोठा.

मोठ्या फ्लेक्सचा ठराव बाजूला ठेवून आधी दोन साध्या चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी रस्त्यावरची. क्लबची सभा जिथे भरते त्या इमारतीपासून पाचशे पावलांच्या आत ४० जणांना दोन प्रश्न विचारले: इथे एखादा सेवा क्लब आहे का, आणि तो काय करतो? विचारणारे सदस्य नव्हते, कारण ओळखीच्या माणसाला लोक गोड उत्तर देतात. नऊ जणांनी नाव ऐकले होते. काम सांगता आले दोघांना. पण खरी माहिती मिळाली ती उरलेल्या सात जणांच्या तोंडून: ‘ते मोठ्या लोकांचे असते’, ‘बोलावल्याशिवाय जाता येत नाही ना?’, ‘वर्गणी भरपूर असते म्हणे.’ यातला मधला समज अगदीच निराधार नाही. लायन्स काय, रोटरी काय, सेवा क्लबांच्या या जगभर पसरलेल्या चळवळींत सदस्य निमंत्रणाने घेण्याची परंपरा जुनी आहे. बाहेरच्या माणसाने अंदाज बरोबर बांधला होता. ‘कामाला कुणीही येऊ शकतो’ हे मात्र त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

दुसरी चाचणी फोनची. क्लबच्या निरनिराळ्या फलकांवर आणि पत्रकांवर मिळून पाच नंबर सापडले. एक बंद. दोन माजी अध्यक्षांचे. त्यातल्या एकांनी ‘आता मी नाही, सचिवांना विचारा’ म्हणून फोन ठेवला, सचिवांचा नंबर न देता. चौथा छपाईत एक आकडा गाळलेला. पाचवा उचलला गेला, पण पलीकडे मीटिंग चालू होती आणि परत फोन आला नाही. ईमेल परत आला. फेसबुकवरच्या निरोपाला नवव्या दिवशी अंगठा मिळाला.

इथे या प्रकारच्या क्लबांची एक रचनाच आड येते. रोटरी आणि लायन्सचे वर्ष १ जुलैला सुरू होते, ३० जूनला संपते, आणि पदाधिकारी बहुधा दर वर्षी बदलतात. खांदेपालट चांगलाच, पण अध्यक्षाबरोबर क्लबचा फोन नंबर, पासवर्ड आणि फलकाची मूळ फाइलही जाते. पाच वर्षांत पाच नंबर गावभर पसरतात आणि जुना फ्लेक्स कुणी काढत नाही. प्रसिद्धी वाढवणे म्हणजे अशा वेळी गळक्या घागरीत दोन कळशा जास्त ओतणे.

आधी डागडुजी

पहिले दोन आठवडे एकही नवा फलक लावला नाही. क्लबच्या नावे वेगळे सिमकार्ड घेतले आणि साध्या हँडसेटमध्ये टाकले. तो हँडसेट आठवडाभर एकाकडे, पुढचा आठवडा दुसऱ्याकडे; दोघांच्याच हाती, तिसरा नाही. ईमेल व्यक्तीच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा. फेसबुक पानाचे पूर्ण अधिकार किमान दोघांकडे. एकाचे खाते बंद पडले की पान कायमचे अनाथ होते, हे अनेक क्लब फार उशिरा शिकतात. जुने फलक शोधून उतरवले. जे उतरवता आले नाहीत त्यांच्या नंबरावर नव्या नंबराची पट्टी चिकटवली.

मग एक चौकशी-वही. पाच रकाने: तारीख, नाव, कुठून कळले, काय विचारले, पुढे काय ठरले. ‘कुठून कळले’ हा रकाना प्रसिद्धी मोजण्याचे सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि नेमका तोच कोरा राहतो, कारण फोन घेणारा विचारायला विसरतो. म्हणून तो प्रश्न हँडसेटच्या पाठीवर कागदाच्या चिठ्ठीने चिकटवला. उत्तर चोवीस तासांच्या आत, आणि उत्तरात पुढची तारीख असलीच पाहिजे. ‘पुन्हा कळवतो’ हे उत्तर धरायचे नाही.

एक काम, एक वाक्य

क्लबच्या पत्रकावरचे पहिले वाक्य असे होते: ‘समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी सातत्याने कटिबद्ध असलेली अग्रगण्य सेवाभावी संस्था.’ हे वाक्य कुठल्याही संस्थेच्या पत्रकावर जसेच्या तसे बसते, म्हणून ते कुणाचेच नसते.

बदललेले वाक्य: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही मोफत डोळे तपासतो आणि ज्यांना चष्मा लागतो त्यांच्या हातात तो पडेपर्यंत पाठपुरावा करतो. दोन तास देता येत असतील तर मदतीला या.’

अकरा कामांतून एकच पुढे करण्यावर खडाजंगी झाली. बाकीची कामे बंद करायची नव्हती, पण ओळख एकाच कामाने द्यायची होती. जुने दाखले हेच सांगतात. अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी १९२५ मध्ये लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले आणि त्या चळवळीला डोळ्यांचे काम कायमचे चिकटले. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचे काम जगभर हाती घेतले. आज बाहेरच्या माणसाला रोटरीबद्दल एक गोष्ट ठाऊक असली तर ती बहुधा हीच. त्याच्याही आधी, १९०७ मध्ये, शिकागोच्या रोटरी क्लबने हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम होते सार्वजनिक स्वच्छतागृहांचे. क्लब काय करतो, हे सांगायला त्या शहरात पत्रकाची गरज नव्हती.

नेत्रतपासणी निवडायचे व्यावहारिक कारणही होते. त्यात नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी खरे काम देता येते.

फलक: आधी आणि नंतर

जुना फ्लेक्स समोर ठेवून मोजला. वरचा तिसरा हिस्सा बोधचिन्ह आणि नाव. मधे सात पदाधिकाऱ्यांचे फोटो, प्रत्येकाखाली पद. डावीकडे प्रमुख पाहुणे. उजवीकडे देणगीदार. खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत, तारीख आणि ठिकाण. वेळ नव्हतीच. ज्याला डोळे तपासायचे आहेत त्यालाच न वाचता येणारा हा नेत्रतपासणीचा फलक होता!

नवा फलक ए-३ कागदाचा, म्हणजे ४२ सेंटिमीटर उंच आणि जवळपास ३० रुंद. मजकूर पाच ओळी: ‘डोळे तपासून घ्या. मोफत.’ / वार, तारीख, वेळ / ठिकाण, ओळखीच्या खुणेसह / ‘जुना चष्मा असल्यास आणा’ / फोन. तीन मीटरवरून आरामात वाचता यावे तर अक्षराची उंची अडीच सेंटिमीटरच्या आसपास लागते. शीर्षक चार सेंटिमीटरचे घेतले. गडद अक्षर, फिकी पार्श्वभूमी, मागे डोळ्याचे चित्र नाही. ‘येत्या शनिवारी’ हा शब्द टाळला, कारण फलक सोमवारीही तिथेच असतो आणि मग येता शनिवार कोणता हे कळत नाही. बोधचिन्ह खालच्या कोपऱ्यात, देणगीदाराचे नाव तळाच्या पट्टीत.

क्यूआर कोड चार सेंटिमीटरचा. जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा कोड हा ढोबळ हिशेब, म्हणजे चार सेंटिमीटरचा कोड हातभर अंतरावरून वाचला जातो. भोवती कोरी पांढरी चौकट सोडावीच लागते. डिझाइन करणारा ती जागा भरून टाकतो आणि कोड मुका होतो. छापण्याआधी एक प्रत काढून तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासली. फुकट सेवेवर बनवलेले काही कोड मुदत संपली की मेलेले निघतात, म्हणून कोडमध्ये ऑनलाइन अर्जाचा पत्ता थेट टाकला.

लावायचे कुठे? लोक जिथून जातात तिथे नाही. जिथे उभे राहतात तिथे. बसथांबा, दवाखान्याचे बाकडे, वाचनालयाचा सूचनाफलक, लिफ्टच्या आतली भिंत. मोठ्या चौकातल्या फ्लेक्सकडे गाडीतला माणूस दोन सेकंद बघतो, बाकड्यावरचा रुग्ण वीस मिनिटे. दहा-बारा दिवस आधी, परवानगी विचारून लावायचे आणि शिबिराच्या दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काढायचे. काढायला गेलेल्या सदस्याला पुढच्या महिन्याची परवानगी तिथेच मिळते.

निरोप आणि प्रेसनोट

व्हॉट्सॲपवर क्लबचा जुना रिवाज होता: पाच गटांत पोस्टर टाकणे. गटात आलेले पोस्टर बहुतेक जण वाचत नाहीत, वाचले तरी ‘कुणाला तरी सांगितलेय’ असे समजतात. ब्रॉडकास्ट यादीची, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या सोयीचीही एक खोच आहे: ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो निरोप पोहोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते सहसा लक्षातही येत नाही. क्लबचा नंबर नवा, तो कुणाकडेच साठवलेला नव्हता. म्हणून प्रत्येक सदस्याने आपापल्या फोनवरून दहा जणांना, नाव घालून, वेगवेगळा निरोप पाठवायचा ठरले. नमुना असा:

‘काकू, शनिवार १४ तारखेला सकाळी १० ते १ वाचनालयाच्या सभागृहात आमच्या क्लबतर्फे मोफत डोळे तपासणी आहे. परवा तुम्ही पेपर लांब धरून वाचत होतात म्हणून आठवण झाली. येणार असाल तर सांगा, तुमची वेळ लावून ठेवतो.’

दुसरे वाक्य महत्त्वाचे. ते ज्याला लिहिता येत नाही, त्याने त्या माणसाला निरोप पाठवू नये.

प्रेसनोटची गत फलकासारखीच होती. जुनी सुरुवात: ‘येथील सुप्रसिद्ध सेवा क्लबच्या वतीने माननीय अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली आणि मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत...’ डोळे हा शब्द चौथ्या ओळीत. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. खाली काय होते, तर नोंदणीचा फोन. नव्या नोटेत पहिल्याच वाक्यात कोण, काय, कधी, कुठे, कुणासाठी. दुसऱ्यात फोन. नावे शेवटी. एकूण दीडशे शब्द, युनिकोडमध्ये टाइप केलेले, निरोपातच मजकूर म्हणून. जुन्या फाँटमधली फाइल पलीकडे उघडली की नुसती चिन्हे दिसतात आणि बातमी राहून जाते. फोटो स्वतंत्र जेपीजी फाइल, ओळीत डावीकडून नावे. शिबिरानंतर नोट पाठवायची तर त्याच संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी ती बातमी उरत नाही.

तारखांचाही उपयोग करून घेतला. ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार हा जागतिक दृष्टी दिन, ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. या दिवसांच्या आसपास संपादकांना त्या विषयाचा मजकूर हवाच असतो.

पहिले शिबिर, आणि काय बिघडले

प्रसिद्धी चालली. जरा जास्तच. तीन तासांच्या शिबिराला १४० माणसे आली.

हिशेब आधी केला नव्हता. एका माणसाला डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर सरासरी चार मिनिटे धरली तर एका तक्त्यावर तासाला १५, तीन तासांत ४५. तक्ते दोन, म्हणजे ९०. पन्नास जण उभे राहून परत गेले, आणि परत गेलेला माणूस घरी जाऊन जे सांगतो ती प्रसिद्धी कुठल्याही फलकापेक्षा वेगाने पसरते. दुसऱ्या महिन्यापासून फोनवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा लावल्या, प्रत्येक वेळेला १२ जण. आधी न कळवता येणाऱ्यांसाठी दर अर्ध्या तासाला तीन जागा राखून ठेवल्या.

तपासणीतही चूक निघाली. एक तक्ता सहा मीटरवरून वाचायचा, पण खोली साडेचार मीटरची. त्या टेबलावर जवळजवळ सगळेच ‘उत्तीर्ण’ झाले, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. दुसरा तक्ता खिडकीशेजारी, मागून उजेड, त्यामुळे तिथे धडधाकट डोळ्यांचेही अडखळले. उपाय साधा: टेप घेऊन अंतर मोजायचे, जमिनीवर चिकटपट्टी लावायची, उजेड तक्त्यावर पडेल असा ठेवायचा. एक डोळा झाकताना लोक बोटांच्या फटीतून बघतात किंवा डोळा दाबतात आणि मग त्या डोळ्याला काही क्षण अंधुक दिसते. म्हणून तळहात खोलगट करून, न दाबता. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चारी दिशांना वळणाऱ्या ‘ई’ चा तक्ता, बोटाने दिशा दाखवायची. स्वयंसेवकाने फक्त कुठल्या ओळीपर्यंत वाचले ते लिहायचे. ‘तुम्हाला चाळिशी लागली’ हे सुद्धा त्याने म्हणायचे नाही; ते तज्ज्ञाचे काम. प्रसिद्धीच्या प्रकरणात हे कशाला, असे वाटेल. पण चुकीची तपासणी करणाऱ्या क्लबला लोक दुसऱ्यांदा बोलावत नाहीत.

मदतीला १७ नवे लोक आले. त्यातल्या सहा जणांना देण्यासारखे काम नव्हते. ते दोन तास भिंतीला टेकून उभे राहिले आणि पुन्हा दिसले नाहीत. आता कामांची यादी आधी बनते: नोंदणी दोन, रांग दोन, प्रत्येक तक्त्याला दोन (एक दाखवणारा, एक लिहिणारा), डॉक्टरांकडे नेणारा एक, वृद्धांना ने-आण करणारे दोन. अकरा जागा भरल्या की बारावा येऊ पाहणाऱ्याला मोकळेपणाने पुढच्या महिन्याची तारीख द्यायची.

क्यूआर कोडमागचा अर्ज १४ प्रश्नांचा होता, व्यवसाय आणि रक्तगटासह. अर्ध्यावर सोडणारेच जास्त. तीन प्रश्न ठेवले: नाव, फोन, कुठला शनिवार जमेल.

आणखी एक चूक, ही वेगळ्या जातीची. एका सदस्याने तक्त्यासमोर गोंधळलेल्या वृद्ध बाईंचा फोटो न विचारता टाकला. त्यांच्या मुलाचा फोन आला. फोटो काढला, माफी मागितली. तेव्हापासून नियम असा: तपासून घेणाऱ्याचा चेहरा त्याने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय नाही, मुलांचा पालकांच्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि मदत ‘देताना’ कॅमेऱ्याकडे पाहणारा फोटो कुणाचाच नाही. काम करणारे हात टिपले तरी पुरते.

घरची नाराजी वेगळीच. ‘फलकावर आमचे फोटो का नाहीत?’ हा प्रश्न तीन ज्येष्ठांनी विचारला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्षानुवर्षे पदरमोड केलेल्या माणसांना तेवढेच श्रेय मिळत आले आहे. पदाधिकाऱ्यांचे फोटो क्लबच्या अंतर्गत पत्रिकेत पूर्ण पानभर घेतले. बाहेरचा फलक बाहेरच्यांसाठी, आतली पत्रिका आतल्यांसाठी. दोघांची नाराजी गेली, तिसऱ्यांची नाही.

आलेल्याला टिकवणे

पहिल्या शिबिरानंतर उत्साहाने सगळ्या नव्यांना नियमित सभेला बोलावले. मागच्या सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाचे वाचन, दोन सत्कार, आणि आतल्यांनाच कळणारे विनोद. आलेल्या नऊ जणांपैकी पुढच्या सभेला एक. क्रम उलटा केला: आधी काम, तेही तीनदा; सभा नंतर. शिबिरानंतर ४८ तासांत प्रत्येकाला निरोप, त्याच्या कामाचा आकडा घालून: ‘तुम्ही दोन नंबरच्या तक्त्यावर ४१ जण तपासायला मदत केलीत. त्यातल्या १२ जणांना चष्मा सांगितलाय, तो मिळाला की कळवतो.’ आणि खरोखर कळवायचे.

तिसऱ्यांदा आलेल्यालाच सदस्यत्वाचे विचारायचे आणि विचारताना वर्गणी, सभांची संख्या, वेळेची अपेक्षा एका कागदावर लिहून द्यायची. वर्गणीचा आकडा शेवटपर्यंत झाकून ठेवणे ही क्लबांची जुनी खोड आहे. त्याने येणारा येत नाही, आलेला मात्र दुखावतो. हजेरीबद्दलही हट्ट सैल करता येतो. रोटरीच्या नियम ठरवणाऱ्या परिषदेने २०१६ मध्ये सभा आणि हजेरीबाबत क्लबांना बरीच मोकळीक दिली. या क्लबने दोनपैकी एक सभा कामाच्या जागीच घ्यायला सुरुवात केली.

सहा महिन्यांची वही

वहीत ६३ चौकशा. ओळखीच्या माणसाकडून २९, फलक १३, शाळा-वाचनालयाच्या सूचना ११, वर्तमानपत्र ६, फेसबुक ४. फेसबुकचा आकडा पाहून पान बंद करा असे कुणी म्हणाले, तेव्हा वही नीट वाचली: फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण ‘पानावर बघितले, मग फोन केला’ म्हणत होते. पान माणसे आणत नव्हते, आलेल्यांची खात्री पटवत होते. त्यामुळे रोज काही टाकण्याची दगदग थांबवली. महिन्याला दोन नोंदी, पुढची तारीख आणि मागचा आकडा, पुरे.

६३ पैकी ३१ जण एकदा तरी कामाला आले, १२ जण तीनदा, पाच जण सदस्य झाले. उरलेले सात सदस्य झाले नाहीत पण शनिवारी येतात. वार्षिक अहवालात त्यांना कुठे दाखवायचे यावर सचिवांनी बराच विचार केला आणि शेवटी ‘स्वयंसेवक’ असा नवा रकाना आखला.

३० जूनच्या आठवड्यात मावळते आणि येणारे सचिव समोरासमोर बसतात. टेबलावर हँडसेट, चौकशी-वही, पासवर्डांचे बंद पाकीट, आणि फलकाची बदलता येण्याजोगी मूळ फाइल (नुसता जेपीजी नाही, मूळ फाइल डिझाइनरकडेच राहिली तर दर महिन्याला तारखेसाठी त्याच्या मागे लागावे लागते). मग तिसराच कुणी बाहेर जाऊन वाचनालयातल्या फलकावरचा नंबर लावतो. टेबलावरचा हँडसेट वाजतो, येणारे सचिव तो उचलतात, नाव विचारतात, आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहितात: फलक.